आले, पाहिलं आणि गेले!

रविवारी सकाळी साडेआठला फोन वाजला की समजायचं.. एकतर क्रेडिट कार्डवाले, नाहीतर नातेवाईक! जूनमधल्या अशाच एका रविवारी, उशीत तोंड खुपसून मी फोन घेतला. पलीकडे वहिनी, म्हणजे माझ्या मावसभावाची बायको.

"तू ते कम्प्युटर, इंटरनेटवर काहीबाही लिहितेस ना गं? मग मला एक सांग. माझ्या वेबसाइटवर लोक येतात ते येतात, आणि मग जातात कुठे?"

प्रश्न सॉलिड होता. झोप उडाली.

थोडी पार्श्वभूमी सांगते. वहिनी जर्मन शिकवते. आठ वर्षं एका कंपनीत जर्मन क्लायंटची कागदपत्रं भाषांतर करून तिला कंटाळा आला, गेल्या वर्षी तिनं राजीनामा दिला आणि कोथरूडला दोन खोल्या भाड्यानं घेऊन क्लास काढला. भाडं महिना १४ हजार. ओळखीतल्या एकाकडून वेबसाइट करून घेतली. गूगलवर रोज ६०० रुपयांची जाहिरात, म्हणजे महिन्याचे १८ हजार. इकडे दादाच्या डोक्यावर फ्लॅटचा ईएमआय. त्यामुळे घरात एक करार झालेला. दिवाळीपर्यंत क्लासनं आपला खर्च आपण काढायचा. नाही जमलं, तर जागा सोडायची आणि वहिनीनं पुन्हा नोकरी शोधायची. दादा वाईट नाही हो, फक्त तो आयुष्य एक्सेल शीटमध्ये जगतो!

आणि ती एक्सेल शीट लाल होती. महिन्याला साइटवर येणारे साधारण १२००. त्यातले चौकशी करणारे ६. प्रवेश घेणारे २. एका लेव्हलची फी १२ हजार, म्हणजे हातात आले २४ हजार. जाहिरात आणि भाडं मिळून गेले ३२ हजार. दर महिन्याला ८ हजारांचा खड्डा.

"मी काय म्हणते, जाहिरात डबल करू का? १२०० रुपये रोज? जास्त लोक आले तर जास्त चौकश्या येतील ना?"

मी म्हटलं, "वहिनी, बादलीला भोक असेल तर नळ मोठा करून काय उपयोग?"

फंडा एकदम सोपा

मार्केटिंगवाल्या मंडळींच्या भाषेत या भोकाला मोजायचं एक माप आहे, कन्व्हर्जन रेट. शंभर लोक साइटवर आले, तर त्यातल्या किती जणांनी तुम्हाला हवी ती गोष्ट केली? फॉर्म भरला, फोन केला, व्हॉट्सअ‍ॅपवर 'हाय' टाकलं, काहीही. आणि असं ज्यानं केलं, तो तुमचा 'लीड'. वहिनीकडे १२०० पैकी ६, म्हणजे अर्धा टक्का. एकेक लीड तिला ३००० रुपयांना पडत होता!

आता गंमत बघा. जाहिरात डबल केली, लोक डबल आले, चौकश्या १२ झाल्या आणि प्रवेश ४ झाले असं धरू. जमा ४८ हजार. पण खर्च? जाहिरात ३६ हजार, भाडं १४ हजार. एकूण ५० हजार. म्हणजे दुप्पट धावपळ करून तरीही २ हजार खिशातून! याउलट लोक तेवढेच, १२००, पण चौकश्या १२. म्हणजे अर्ध्याचा एक टक्का केला. जमा तेच ४८ हजार, खर्च मात्र ३२ हजारच. १६ हजार हातात!

हे गणित ऐकून दादा पहिल्यांदा सोफ्यावरून उठून आमच्या टेबलापाशी आला.

"पण चांगला रेट किती असतो?" त्याचा लगेच प्रश्न. याला एकच प्रामाणिक उत्तर आहे. तुमचाच गेल्या महिन्यातला रेट घ्या आणि त्याच्याशी स्पर्धा करा. जर्मनचा क्लास, मॉड्युलर किचन आणि डेंटिस्ट यांना एका तराजूत तोलण्यात अर्थ नाही.

दारात वॉचमन, हातात वही

मग आम्ही साइट उघडली. उघडली म्हणजे, उघडत गेली.. वरून खाली एक किल्ला हळूहळू प्रकटला. बव्हेरियातला नॉयश्वानस्टाइन. सुंदरच आहे, वाद नाही. पण फोटो सहा एमबीचा! गूगलनं २०१६ मध्ये सांगितलं होतं, की मोबाइलवर पान उघडायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर ५३ टक्के भेटी तिथेच संपतात. म्हणजे किल्ला पूर्ण दिसेपर्यंत अर्धी जनता परत!

किल्ल्यावर अक्षरं: 'आमच्या संकेतस्थळावर आपले स्वागत आहे'. खाली 'आमचे ध्येय'. त्याखाली 'आमची दृष्टी'. बॅच कधी? पत्ता नाही. फी किती? पत्ता नाही. शिकवतं कोण? वहिनीचा फोटोसुद्धा नाही! आणि सगळ्यात शेवटी चौकशीचा फॉर्म. नाव, आडनाव, ईमेल, मोबाइल, पत्ता, पिनकोड, जन्मतारीख, शिक्षण, 'आमच्याबद्दल कुठे ऐकलंत?', शिवाय ती वेडीवाकडी अक्षरं ओळखायची परीक्षा. बटणावर एकच शब्द, 'सबमिट'.

आता डोळ्यांसमोर लक्ष्मी रोड आणा. साडीच्या दुकानात शिरलात. "या ताई, बसा. काय दाखवू? सिल्क की कॉटन?" असं म्हणत चार साड्या समोर उलगडतात. नाव-गाव कधी विचारतात? बिल करताना. आता कल्पना करा, दारातच वॉचमन उभा आहे आणि सोसायटीच्या गेटवरची वही पुढे करतोय. "आधी नाव लिहा, मोबाइल लिहा, जन्मतारीख लिहा, मग आत सोडतो." तुम्ही काय कराल? शेजारच्या दुकानात जाल!

आपल्या निम्म्या साइट्स हेच करतात.

मोठ्या मोठ्या कंपन्याही यात फसल्यात. प्रवासाची तिकिटं विकणाऱ्या एक्सपीडियाच्या फॉर्मवर 'कंपनी' नावाचा एक साधा रकाना होता. भरलाच पाहिजे असंही नव्हतं. पण लोकांना वाटलं, कार्ड कुठल्या बँकेचं आहे ते विचारतायत. त्यांनी तिथे बँकेचं नाव घातलं आणि पुढे पत्त्यात चक्क बँकेचा पत्ता. कार्डाच्या पडताळणीत पत्ता जुळेना, व्यवहार फिसकटले. २०१० मध्ये बाहेर आलेल्या या किश्श्यात त्यांनी काय केलं? तो एक रकाना उडवला. वर्षाचा नफा १ कोटी २० लाख डॉलरनं वाढला, असं कंपनीनंच सांगितलं.

दुसरा किस्सा तर या क्षेत्रातला सत्यनारायणच आहे, प्रत्येक जण सांगतो! वेबसाइट्सचा अभ्यास करणाऱ्या जॅरेड स्पूल यांनी २००९ मध्ये तो लिहिला. एका बड्या दुकानदाराच्या साइटवर, खरेदी संपवायच्या आधी 'रजिस्टर' करा असं बटण होतं. लोक वैतागायचे. 'मला वस्तू घ्यायचीय, नातं जोडायचं नाहीये!' बटणावरचा शब्द बदलून 'पुढे चला' केला आणि शेजारी लिहिलं, की खातं उघडायची सक्ती नाही. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची जास्तीची विक्री!

बटणावर काय लिहिलंय याला एवढी किंमत असते. 'सबमिट' म्हणजे आपण काय मिळवतोय हेच कळत नाही. त्याऐवजी 'रविवारच्या मोफत डेमोला जागा ठेवा' असं लिहिलं, तर बोट आपोआप जातं.

आई नावाची टेस्टिंग टीम

वहिनीला हे सगळं पटत होतं, पण एका मुद्द्यावर ती अडली. "फी साइटवर टाकायची नाही. आकडा बघूनच पळतील."

"न टाकल्यामुळे काय थांबतायत का?" इति दादा. (अशा वेळी नवऱ्यांनी बोलू नये, हे त्याला अजून कळायचंय.)

मी म्हटलं, भांडू नका, आपण कुणाला तरी बघू या. स्टीव्ह क्रुग या गृहस्थांचं 'डोण्ट मेक मी थिंक' हे पुस्तक आलं २००० मध्ये, आणि त्यातला सल्ला आजही चालतो. तीन-चार साध्या माणसांना तुमची साइट द्या, एक काम सांगा आणि गप्प बसून बघा. मदत करायची नाही!

पहिली बळी माझी आई. तिला फोन दिला आणि सांगितलं, "तुला जर्मन शिकायचंय असं समज आणि क्लास लाव." आईनं चष्मा चढवला. किल्ला बघून म्हणाली, "केसरीची टूर आहे का ही?" पुढे, "अगं, पण वेळ काय आहे क्लासची?" मग फॉर्मपाशी, "जन्मतारीख कशाला? पत्रिका जुळवणारेत का?" आणि शेवटच्या वेड्यावाकड्या अक्षरांपाशी तिनं फोन खाली ठेवला. "त्यापेक्षा मी फोनच करते. नंबर कुठाय?" नंबर होता. पानाच्या तळाशी, राखाडी रंगात, मुंगीएवढा.

दुसरा माझ्या ऑफिसच्या शेजारचा एक इंजिनीअर, ज्याला खरंच जर्मनीत मास्टर्स करायचंय. त्याचे प्रश्न तीनच. 'ए-वन किती आठवड्यांत होतं? संध्याकाळी सातनंतर बॅच आहे का? फी किती?' तिसरी वहिनीचीच एक जुनी विद्यार्थिनी. ती म्हणाली, "फी नाही दिसली की मला वाटतं खूपच असणार." वहिनी गप्प!

तुम्ही म्हणाल, हे घरगुती झालं. मोठ्या लोकांचं शास्त्र काय सांगतं? तर ओबामांच्या २००८ च्या निवडणुकीसाठी त्यांच्या टीमनं साइटच्या पहिल्या पानाचे २४ प्रकार करून बघितले. चार बटणं, सहा फोटो-व्हिडिओ. आलेल्या प्रत्येकाला त्यातला कुठला तरी एक दिसायचा. टीमच्या लोकांना एक व्हिडिओ भयंकर आवडला होता. जिंकलं काय? बायको-मुलींबरोबरचा साधा फोटो आणि 'साइन अप'ऐवजी 'लर्न मोअर' लिहिलेलं बटण. नाव नोंदवणारे ८.२६ टक्के होते, ते ११.६ टक्के झाले. आपल्याला आवडलेलं आणि लोकांना चाललेलं यात हा असा फरक असतो.

पण एक धोक्याची सूचना. त्या प्रयोगात तीन लाखांहून जास्त लोक होते. आपल्याकडे महिन्याला १२००! इतक्या कमी लोकांत दोन बटणांची कुस्ती लावली, तर ३ विरुद्ध ५ असा निकाल येईल आणि त्यातून काही सिद्ध होणार नाही. छोट्या धंद्यानं आधी मोठी भोकं बुजवावीत, बटणाचा रंग हिरवा की केशरी यावर रात्री जागवू नयेत. आणि माणसांशी बोलावं.

ते अकरा जण

जुलैच्या एका संध्याकाळी आम्ही नवा मजकूर भरत बसलो होतो. सहज म्हणून मी विचारलं, "फॉर्म भरला की तो येतो कुठे?"

"एक ईमेल आहे की. साइट करणाऱ्यानं काढून दिलेला. मी आठवड्यातून एकदा बघते."

उघडला. इनबॉक्समध्ये नेहमीचे तीन-चार. मग मी स्पॅमचा फोल्डर उघडला.. आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. लॉटरी आणि कर्जाच्या मेल्समध्ये दडून बसलेल्या, तीन महिन्यांतल्या अकरा चौकश्या. खऱ्याखुऱ्या माणसांच्या. तो दहा रकान्यांचा फॉर्म, पिनकोड आणि जन्मतारखेसकट भरलेल्या!

त्यातली एक मिरजेची नर्स होती. 'जर्मनीत नोकरीसाठी भाषा शिकायची आहे. माझी ड्युटी बदलती असते. शनिवार-रविवार ऑनलाइन बॅच आहे का? कृपया कळवा.' मेल २३ दिवसांपूर्वीचा. वहिनीनं तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून शांत आवाज आला, "मॅडम, मी आठ दिवस वाट बघितली. मग दुसरीकडे फी भरली."

फोन ठेवल्यावर वहिनी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला इतके महिने वाटत होतं, लोकांना माझा क्लासच नकोय."

मंडळी, हे लिहिताना मला अजूनही कसंतरी होतं. लीड, रेट, टक्केवारी.. या शब्दांच्या आड एक माणूस असतो. त्यानं हात वर केलेला असतो आणि वर्गात कुणीच बघत नसतं.

हे फक्त वहिनीचं नाही. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये २०११ साली एक पाहणी छापून आली होती. अमेरिकेतल्या २,२४१ कंपन्यांना चौकशी पाठवून बघितलं. तासाभरात उत्तर देणाऱ्या होत्या ३७ टक्के. अजिबात उत्तर न देणाऱ्या २३ टक्के! आणि ज्या कंपन्या तासाभरात ग्राहकाशी संपर्क साधायचा प्रयत्न करतात, त्यांची कामाच्या माणसाशी नीट बोलणं होण्याची शक्यता, तासाभरानं उशीर करणाऱ्यांच्या जवळपास सात पट. कारण साधं आहे. फॉर्म भरला त्या क्षणी माणूस तुमच्या दारात असतो. तासाभरानं तो शेजारच्या दुकानात पोचलेला असतो.

मग आम्ही फॉर्म चारच रकान्यांचा केला. नाव, मोबाइल, कुठली लेव्हल, कुठली वेळ. तो भरला की वहिनीच्या फोनवर लगेच सूचना. वर ठळक व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. किल्ल्याची हकालपट्टी झाली, तिथे फळ्यासमोर उभी असलेली वहिनी आली. पहिल्याच स्क्रीनवर बॅच, वेळ, फी आणि पत्ता. आणि रोज दुपारी एक ते दोन, संध्याकाळी सहा ते सात, चौकश्यांना उत्तर द्यायची वेळ ठरली.

फसवून नको रे बाबा

मध्येच दादाला साक्षात्कार झाला. "वर एक घड्याळ लावू. 'फक्त २ जागा शिल्लक!' लोक घाईनं भरतील." तेव्हा वर्गात १४ खुर्च्या रिकाम्या होत्या!

वहिनीनं साफ नकार दिला, आणि ते बरंच झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं 'डार्क पॅटर्न्स' रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यात १३ प्रकार नाव घेऊन सांगितलेत आणि खोटी घाई दाखवणं हा त्यातलाच एक. गुपचूप बास्केटमध्ये वस्तू टाकणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं, हेही त्यात आहे. तसंच माहितीचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे, की ज्या कामासाठी माहिती मागितली, त्याच कामासाठी ती वापरा. डेमोसाठी नंबर घ्यायचा आणि मग वर्षभर 'गुड मॉर्निंग'चे सूर्योदय पाठवायचे, हे चालणार नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, खोटं बोलून दारात आणलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी वर्गातल्या रिकाम्या खुर्च्या मोजतोच की!

तर, शेवटी काय झालं?

सप्टेंबरमध्ये साइटवर आले ११५० लोक. म्हणजे आधीपेक्षा थोडे कमीच. चौकश्या आल्या २३. बरोब्बर दोन टक्के. प्रवेश ७, जमा ८४ हजार. खर्च तेवढाच, ३२ हजार.

टाळ्या वाजवायच्या आधी एक कबुली. हे सगळं बटणानं केलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. सप्टेंबरमध्ये नवी बॅच सुरू होत होती, आम्ही एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या, आणि आकडे छोटे आहेत. ऑक्टोबरमध्ये चौकश्या १७ वर आल्या. पण सहावर मात्र परत गेल्या नाहीत.

दिवाळीत फराळाला गेले, तेव्हा दादानं न विचारता लॅपटॉप उघडून दाखवला. ती ओळ हिरवी झाली होती. जागा सोडायचा विषय कुणी काढला नाही. वहिनी चकली तळता तळता फोन बघत होती. दादा म्हणाला, "अगं, सणाला तरी ठेव तो फोन." ती म्हणाली, "दोन मिनिटं. कुणीतरी विचारतंय, आठवड्याच्या सुट्टीला बॅच आहे का."

चकली जरा जास्तच तळली गेली. कुणी काही बोललं नाही.

तुमचीही साइट आहे? मग या शनिवारी एवढंच करा

• घरातलं वायफाय बंद करून, साध्या फोनवर स्वतःची साइट उघडा. तीनच्या वर मोजावं लागलं, तर आधी फोटो लहान करा. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकटात दुखणं सांगतं.

• पहिल्या स्क्रीनवर काय, कुणासाठी, किती रुपयांत आणि कुठे, हे दिसतंय का बघा.

• फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याला विचारा, 'तुझ्यावाचून माझं अडतं का?' नाही म्हणाला तर कटाप.

• 'सबमिट' पुसा. माणसाला काय मिळणार ते लिहा.

• तीन जणांना साइट वापरताना गप्प बसून बघा. आई असेल तर उत्तम!

• स्वतःच स्वतःला एक चौकशी पाठवा. ती कुठे पोचते, किती वेळात पोचते ते तपासा. आणि हो, जाहिरातीवर एक रुपयाही जास्त टाकायच्या आधी स्पॅमचा फोल्डर उघडा. काय सांगावं, मिरजेहून कुणीतरी हात वर करून बसलेलं असेल..